गरम गाडी पुन्हा चालू होत नाही? ती थंड होण्याआधी दोष पकडा

सकाळी पहिल्याच सेल्फला निघालेली गाडी दुपारी पेट्रोल भरल्यावर चालूच होत नाही. पाऊण तास गेला की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. या दोषाची खरी कटकट हीच, की मेकॅनिक येईपर्यंत तो पसार झालेला असतो. गॅरेजमध्ये रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी ठणठणीत असते. मग अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, नंतर बॅटरी, नंतर फ्यूल पंप, आणि पुढच्या महिन्यात कसारा घाट चढून चहाला थांबलात की गाडी पुन्हा हटून बसते.

म्हणून तपासणी करायची ती गाडी अडलेली असतानाच. त्या वीस-तीस मिनिटांत काय बघायचं, काय मोजायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहिलं आहे. मुख्य भाग पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांचा आहे. सीएनजी, डिझेल आणि कार्बोरेटरवाल्यांसाठी वेगळे परिच्छेद पुढे आहेत.

बंद केल्यावर बॉनेटखाली काय होतं

इंजिन चालू असताना वॉटर पंप कूलंट फिरवत असतो, पंखा चालू असतो, समोरून वारा येत असतो. चावी बंद केली की हे सगळं थांबतं, पण ब्लॉक आणि एक्झॉस्टमधली उष्णता जायला जागा नसते. ती सेल्फ, सेन्सर, कॉइल, पेट्रोलचे पाइप यांच्यात शिरते. त्यामुळे हे सुटे भाग गाडी चालवताना तापतात त्याहून जास्त बंद केल्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांत तापतात. गाडी बंद करून लगेच चालू केली तर होते आणि पंधरा मिनिटांनी केली तर होत नाही, ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते. असं होत असेल तर ती नोंद लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडते. चालता चालताही इंजिन मध्येच बंद पडत असेल तर तेही लिहा, कारण मग सेल्फवरचा संशय संपतो.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी. टेंपरेचरचा काटा वर गेला होता किंवा लाल दिवा लागला होता का? तसं असेल तर पुढची कुठलीही तपासणी करू नका आणि सेल्फही मारू नका. हेड गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमध्ये कूलंट उतरलेलं असू शकतं, आणि तशात सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. अशी गाडी टोचन करूनच न्यावी.

गाडीत ठेवायचं सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, ब्लूटूथने मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा), पाण्याची बाटली, दोन फडकी, हातमोजे, टॉर्च. मल्टिमीटर आणि साधा स्कॅनर दोन्ही मिळून एका नको असलेल्या फ्यूल पंपाच्या कितीतरी कमी पैशांत येतात. स्कॅनरचा सोळा पिनांचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतो. भारतात एप्रिल २०१३ नंतर बनलेल्या कारमध्ये तो सापडायलाच हवा, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत असतो.

पहिला प्रश्न: सेल्फ फिरतो का?

‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. एकात चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ होतं किंवा तेही होत नाही. दुसऱ्यात सेल्फ नेहमीसारखा खणखणीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिकला फोनवर सांगताना पहिल्यांदा हे सांगा. चावी फिरवतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलात तर आणखी चांगलं.

सेल्फ फिरत नसेल तर

ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर न्यूट्रलमध्ये घेऊन पाहा. क्लच दाबल्याशिवाय चालू न होणारी गाडी असेल तर पेडल पूर्ण खाली गेलंय का पाहा. इथेच सुटलं तर लिव्हरचा किंवा पेडलचा स्विच बदलायचा, पुढचं वाचायची गरज नाही.

नाहीतर हेडलाइट लावा आणि चावी फिरवताना दिव्यांकडे लक्ष ठेवा. दिवे एकदम मंद झाले तर करंट कमी पडतोय किंवा सेल्फ अडकलाय: बॅटरी, टर्मिनल, अर्थची (निगेटिव्ह जोडणीची) पट्टी, सेल्फचे बुश. दिवे जसेच्या तसे राहिले आणि ‘टक्’सुद्धा नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही: इग्निशन स्विच, रिले, फ्यूज, बारीक वायर. दिवे तसेच, पण ‘टक्’ स्पष्ट ऐकू येतं, तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळलेले असण्याची शक्यता जास्त. या एका चाचणीला अर्धं मिनिट लागतं आणि निम्मे संशयित बाद होतात.

आता मल्टिमीटर. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर ९.६ च्या खाली जाऊ नये. खाली गेलं तर आधी बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या, बाकीचं नंतर.

बॅटरी चांगली निघाली तर व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर आणि जोडांत वाया जाणारे व्होल्ट, मोजायचा. बहुतेक गॅरेजमध्ये ही चाचणी करत नाहीत आणि नेमका दोष तिथेच सुटतो. मल्टिमीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच, आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर ठेवा. कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट असं मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढत असतो, त्यामुळे टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी किंवा गिअरबॉक्सवरून सैल झालेली अर्थ पट्टी थंडपणी कशीबशी चालते आणि गरमपणी दगा देते. कोकणातल्या, समुद्राकाठच्या गाड्यांत ही पट्टी मी सर्वात आधी बघतो.

शेवटची चाचणी सोलेनॉइडच्या बारीक वायरवर. चावी फिरवलेली असताना तिथे किती व्होल्ट येतात? अकराच्या आसपास येऊनही सोलेनॉइड ओढत नसेल तर दोष सेल्फमध्येच. आठ-नऊ येत असतील तर जुना इग्निशन स्विच किंवा वायर मध्येच व्होल्टेज खातेय. इथे उष्णतेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सोलेनॉइडची वायंडिंग ३० अंशांवरून १०० वर गेली की रेझिस्टन्स पाव भागाहून जास्त वाढतो, म्हणजे करंट कमी आणि ओढही कमी. नव्या वायरिंगमध्ये हे खपून जातं. पंधरा वर्षं जुन्या स्विचमधून एक-दोन व्होल्ट आधीच गळालेले असले की खपत नाही. अशा वेळी बॅटरीवरून स्वतंत्र रिले टाकून बारीक वायरला पूर्ण व्होल्टेज दिलं की महागडा सेल्फ न बदलताही काम होतं. एक्झॉस्ट आणि सेल्फ यांच्यामधला पत्रा कोणी मागच्या कामात काढून टाकलाय का, तेही बघून घ्या.

सेल्फला पान्याने टोले देऊन गाडी चालू होते हे खरं आहे. झाली तर आतले कार्बन (ब्रश) घासून संपले आहेत असं समजा. पण हलकेच मारा, कारण आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये चुंबकं चिकटवलेली असतात आणि जोरात मारल्याने ती तडकतात.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

लेखाचा गाभा इथून पुढे आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. नाहीतर मूळ दोष राहील बाजूला आणि बॅटरी उतरेल.

चावी ‘ऑन’ करा आणि तीन गोष्टी बघा. इंजिनचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो का? लागतच नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वीजच मिळत नाही, म्हणजे मेन रिले किंवा त्याचा फ्यूज. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले यासाठी प्रसिद्ध आहे: आतल्या सोल्डरला बारीक तडे जातात, उन्हात केबिन तापलं की जोड सुटतो, काचा उघडून केबिन निवलं की पुन्हा लागतो. दुसरं, चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का? मग इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा), दुसरी चावी वापरून पाहा. तिसरं, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घरघर येते का? रस्त्याचा आवाज असेल तर सीटला कान लावून ऐका.

आता सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. तो जरासा हलतो की शून्यावर चिकटून राहतो? काही गाड्यांत तो एरवीही हलत नाही, म्हणून स्कॅनरवर खात्री करा. लाइव्ह डेटामध्ये आरपीएम उघडून सेल्फ मारला की दीड-दोनशेच्या आसपास आकडा यायला हवा. इंजिन फिरताना ऐकू येतंय आणि आकडा शून्य, तर बहुतेक वेळा चोर सापडला: क्रँक सेन्सर.

क्रँक सेन्सर

गरम गाडी अडण्याचं इंजेक्शनच्या गाड्यांतलं हे सगळ्यात ठरलेलं कारण. इंजिन कोणत्या स्थितीत आहे हे ईसीयूला हाच सेन्सर सांगतो. त्याचा सिग्नल नसेल तर ईसीयूच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाही, आणि मग ते ठिणगीही देत नाही, पेट्रोलही नाही. त्यामुळेच अनेकदा फॉल्ट कोडही पडत नाही. पी०३३५ (क्रँक सेन्सरचा कोड) दिसला तर उत्तमच, पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असं धरू नका.

दोन वायरींचा सेन्सर म्हणजे आत चुंबक आणि बारीक तारेची वायंडिंग. तार कुठे तरी तुटायला आलेली असते, तापून पसरली की जोड सुटतो, निवली की पुन्हा टेकतो. कपलर काढून दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. गाडीप्रमाणे तो काहीशे ओहम ते एक-दीड किलोओहम असतो. थंड असताना आकडा बरोबर आला याला काहीच अर्थ नाही. गाडी अडलेली असतानाच मोजायचं. मीटर ‘ओएल’ (म्हणजे तार तुटलेली) दाखवत असेल तर निकाल लागला. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल (इलेक्ट्रॉनिक) प्रकारचा असतो, त्यावर ओहम मोजून काही कळत नाही. तिथे कपलरवर सप्लाय आणि अर्थ येतोय का ते बघून स्कॅनरच्या आरपीएमवर भरवसा ठेवावा.

मीटर नसेल तर पाणी. सेन्सर बहुधा गिअरबॉक्स आणि इंजिनच्या जोडावर किंवा पुढच्या पुलीजवळ असतो. गार पाण्यात भिजवलेलं फडकं नेमकं त्याच्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग चावी काढूनच ते बाजूला करा. बाकी इंजिन तापलेलंच असताना गाडी लगेच पकडली, तर पुरावा भक्कम आहे. बादलीने पाणी ओतू नका. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं की तो तडकू शकतो. उलटी चाचणी गॅरेजमध्ये करता येते: थंड इंजिनवर हेअर ड्रायरने फक्त सेन्सर तापवायचा आणि मीटर लावून ठेवायचं.

बदलण्याआधी कपलरची पिन सैल आहे का, वायर एक्झॉस्टला लागून वितळली आहे का, सेन्सरच्या तोंडावर लोखंडी कीस चिकटलाय का, हे पाहा. बदलायचाच ठरला तर इथे स्वस्तातला डुप्लिकेट पार्ट घेऊ नका. तो वर्षभरात याच आजाराने परत येतो आणि तुम्हाला वाटतं की दोष दुसरीकडेच होता.

आरपीएम येतोय, तरीही नाही

मग पेट्रोल. दोन अगदी उलटे प्रकार आहेत: पेट्रोल पोचत नाही, किंवा फार झालं.

पोचत नसेल असं वाटलं तर चावी ‘ऑन’ करून तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीन-चार वेळा करून मग सेल्फ मारा. प्रत्येक वेळी पंप थोडं प्रेशर भरतो. या युक्तीने गाडी एकदम चालू झाली तर बंद असताना पाइपमधलं प्रेशर उतरतंय. प्रेशर उतरलं की गरम पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरकडून वाफच जाते. गॅरेजमध्ये गेज लावून पाहा. साध्या पोर्ट इंजेक्शनला तीन ते चार बार असतात, आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत काटा शून्याकडे आला तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. चारांतला एकच प्लग ओला निघाला तर तो इंजेक्टर.

पंपाची घरघर मुळीच नसेल तर रिले आणि फ्यूज बघून टाकीच्या तळाला खालून हाताने दोन-चार थापा द्या. त्याने पंप जागा झाला तर त्याचे कार्बन संपलेत. टाकी सतत पावच्या खाली ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, कारण पंपाला थंड ठेवतं ते आजूबाजूचं पेट्रोलच.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर प्रकार उलटा. ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की इंजेक्टर बंद राहतात आणि नुसती हवा आत जाते. पाच-सात सेकंदांत खोकत, धूर काढत गाडी पकडली तर ती ओव्हर झाली होती. का झाली? पहिला संशय कूलंट टेंपरेचर सेन्सरवर. तो इंजिन बर्फागत थंड आहे असं सांगत असेल तर ईसीयू भरमसाट पेट्रोल सोडतं. स्कॅनरवर तापलेल्या इंजिनचा आकडा ऐंशीच्या वर दिसायला हवा. तिथे उणे चाळीस दिसलं तर वायर किंवा सेन्सर तुटलाय. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी हा आकडा आणि हवेचं तापमान जवळपास सारखं असलं पाहिजे, हेही तपासा.

फक्त पेट्रोल भरल्यावरच त्रास होत असेल तर विचारसरणीच बदला. टाकीतली वाफ इंजिनकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, तर टाकी भरताना दाटलेली वाफ थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनच्या हवेच्या मार्गात) येते. व्हॉल्व्ह काढून, वीज न देता फुंकून पाहा; हवा आरपार जाता कामा नये. पेट्रोल पंपावर ऑटोकट झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी ठासून पेट्रोल भरणं हे त्याचं आणि टाकीची वाफ शोषणाऱ्या चारकोल कॅनिस्टरचं आयुष्य कमी करतं.

ठिणगीचं थोडक्यात. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर चारही एकदम गरमपणी जाणार नाहीत, त्यामुळे तिथे फार वेळ घालवू नका. एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीत मात्र कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल दोन्ही गरम होऊन बंद पडतात. स्पार्क टेस्टर लावून पाहा. हातात वायर धरून करंट बघायची जुनी पद्धत पेट्रोलच्या वासात तर मुळीच नको.

सीएनजी

बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये थंड गाडी पेट्रोलवर चालू होते आणि तापली की गॅसवर जाते. काही किट इंजिन गरम असेल तर थेट गॅसवरच चालू करतात. म्हणजे ‘थंड चालते, गरम चालत नाही’ याचा अर्थ ‘पेट्रोलवर चालते, गॅसवर नाही’ एवढाच असू शकतो. गाडी अडली की स्विच पेट्रोलवर टाकून बघा. लगेच चालू झाली तर रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) किंवा गॅस इंजेक्टर तपासायला हवेत. उलट, वर्षभर पेट्रोलच्या टाकीत काटा तळाला ठेवून गॅसवरच फिरणाऱ्या गाडीत पंपच मरायला टेकलेला असतो.

डिझेल

कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) इंजेक्टर उघडायला सेल्फ मारतानाच साधारण दोनशे बारच्या आसपास रेल प्रेशर लागतं. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्न लाइनला जास्त परत जातं, आणि प्रेशर तिथवर चढतच नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेल प्रेशर पाहा. कमी असेल तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कोणाची लवकर भरते ते बघायचं. डिझेल इंजेक्शन पंप दुरुस्त करणारे ही लीक-बॅक टेस्ट करून देतात. क्रँक सेन्सरचा संशय इथेही तेवढाच. रेलचे लोखंडी पाइप रस्त्यावर सैल करायचे नाहीत. हजारभर बारची बारीक धार कातडीतून आत शिरते.

कार्बोरेटरवाल्यांसाठी

पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा जुनी मारुती ८०० हौसेने ठेवली असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. इंजिनवरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. पाइपात वाफ झाली की ओढ तुटते, हा व्हेपर लॉक. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवा, थांबा. याउलट कार्बोरेटरच्या कपातलं पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडलं तर गाडी ओव्हर होते. तेव्हा ॲक्सिलरेटर न पंपता एकदाच पूर्ण दाबून धरायचा. पॉइंटच्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) गाडीत गरम होऊन बंद पडणारा कंडेन्सर बदलायला फार स्वस्त, म्हणून तो एक नेहमी जवळ ठेवावा.

गॅरेजमध्ये नेताना

मोबाइलमध्ये एवढं लिहिलेलं असू द्या: बंद केल्यापासून किती मिनिटांनी अडली, सेल्फ फिरत होता का, इंजिनचा दिवा आणि आरपीएम, पंपाचा आवाज, पेट्रोलचा वास, टाकीत किती होतं, गॅसवर होती की पेट्रोलवर, आणि किती वेळाने आपोआप चालू झाली. बॅटरीची वायर काढू देऊ नका; त्याआधी कोड वाचून स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर ते पुसले जातात.

पार्ट बदलल्यावर जुना मागून घ्या आणि बिल लगेच चुकतं करण्याआधी अर्धा तास गाडी चालवून आणा. परत येऊन बंद करा, बॉनेट न उघडता पंधरा मिनिटं उभी ठेवा, मग चावी फिरवा. एकदा चालू झाली यावर समाधान मानू नका; असंच आणखी दोनदा करून पाहा, शक्य असेल तर दुपारच्या उन्हात आणि एसी लावून.